चंद्रभागाबाईंसाठी पाच मिनिटे बाण

प्रति,
मा. आचारसंहिता पथक प्रमुख,
विधानसभा निवडणूक,
जि. बीड

विषय : संगणकाच्या पडद्यावरील बाण पाच मिनिटे वापरू देणेबाबत.
संदर्भ : १) श्री. सर्जेराव यांची तोंडी तक्रार.
२) माऊस सीलबंद केल्याचा पंचनामा, दि. ४ नोव्हेंबर.

महोदय,

१. अर्जदार आम्रपाली ओव्हाळ ही मौजे हिवरटाका ग्रामपंचायतीत सात वर्षांपासून संगणक चालवते. माऊस हलवला की पडद्यावर जो बारीक बाण फिरतो, तो कंपनीतूनच येतो. अर्जदाराने तो काढलेला नाही. तरीही गावातले श्री. सर्जेराव नमुना आठचा उतारा घ्यायला आले आणि "ग्रामपंचायतीत बाणाचा प्रचार कावून चालू हाय?" असे भर दुपारी ओरडले.

२. अर्जदार घाबरली. तिने सेटिंगमध्ये जाऊन बाणाऐवजी हात ठेवला. तासाभरात दुसरा गट आला. हात काढून फूल ठेवले, तर तिसरा गट आला. घड्याळाबद्दल न बोललेलेच बरे. शेवटी कोणाचेच चिन्ह नसलेला ठिपका ठेवला. पांढऱ्या पडद्यावर मोहरीएवढा पांढरा ठिपका! आगीतून फुफाट्यात, दुसरे काय?

३. त्याच ठिपक्याने निराधार योजनेच्या नोंदी करताना श्रीमती चंद्रभागाबाई (वय ७८) यांच्या नावापुढे "हयात" सोडून "मयत" दाबले गेले. चूक सर्वस्वी अर्जदाराची आहे. ती दुरुस्त करणार, तेवढ्यात श्री. सर्जेरावांच्या तक्रारीवरून आपले पथक आले आणि माऊस लखोट्यात घालून, वर लाखेची मोहोर लावून गेले. निवडणूक होईपर्यंत लखोटा उघडायचा नाही, दुसरा माऊसही जोडायचा नाही, असा हुकूम आहे. दुरुस्तीची मुदत मात्र १५ तारखेला संपते. नुसत्या कीबोर्डने खटपट करून पाहिली, त्या चौकटीपर्यंत पोचताच येत नाही.

४. चंद्रभागाबाई रोज येऊन पायरीवर बसतात. "पोरी, मी जेवते, झोपते, सुनंशी भांडते बी. मग मेले कवा?" असे विचारतात. काल बाई आल्या नाहीत. अर्जदार कार्यालय उघडे टाकून त्यांच्या घरी धावली. बाई अंगणात शेळीला पाला टाकत होत्या. अर्जदार दारातच बसून ओक्साबोक्शी रडली. बाईंनीच तिला पाणी दिले.

५. तरी साहेब, पाया पडते. लखोटा पंचांसमक्ष फोडावा, सगळ्या गटांची माणसे उभी करावीत, हवा तर पाठीमागे पोलीस ठेवावा, पण पाच मिनिटे तो बाण द्यावा. निवडणूक पाच वर्षांनी परत येईल. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. संगणकात लिहिलेले खरे होईपर्यंत त्यांना थांबायला लावू नये.

आपल्या एका सहीची वाट पाहणारी,
नम्र अर्जदार
(सही) आम्रपाली ओव्हाळ
दि. ९ नोव्हेंबर २०२४

सोबत :
१) चंद्रभागाबाईंचा आजचे वर्तमानपत्र हातात धरलेला फोटो.
२) स्वतः चंद्रभागाबाई. बाहेर बाकावर बसल्या आहेत.