कोरडं खाचर

४ जुलै
जिंकले! म्हणजे अर्धवटच. सासरेबुवांनी पाच खाचरांपैकी एक दिलं — सगळ्यात वाकडं. "घे, त्यात कर तुझं कोरडं भात!" कालव्याला आता आठवड्यातून एकदाच पाणी, तरी यांना भात म्हटलं की घोट्याएवढं पाणी उभं दिसायला हवं. माझ्या खाचरात भोकं पाडलेला पाइप चिखलात रोवायचा, त्यातलं पाणी वीतभर खाली गेलं की मगच नवं सोडायचं. शिकून आलेय मी नीट.
अट मात्र ठेवलीच. तुझं खाचर बाकीच्यांपेक्षा कमी पिकलं, तर पुढच्या वर्षी सगळी जमीन दुसऱ्याला वाट्याने. नवऱ्याचं आपलं नेहमीसारखं तळ्यात-मळ्यात.

१९ जुलै
लावणी संपली. कंबर माझी राहिलेली नाही!

२ ऑगस्ट
खाचराला बारीक भेगा. मला आनंद, सासरेबुवांना ताप. बांधावर बसून म्हणाले, "पोर तहानेलं आणि आपण बघत बसायचं? ही कसली शेती?" मला खरंच वाईट वाटलं. जन्मभर पाणी हटू दिलं नाही त्यांनी. पण मीही हट्टी!
त्या खाचराकडे आता फिरकणार नाहीत म्हणे. बघवत नाही.

९ ऑगस्ट
सकाळी सासरेबुवांचे पाय चिखलाने माखलेले. "खेकड्यांनी बांध पोखरलाय, बुजवून आलो." मी धावत गेले. बांधावर ओली माती थापलेली, पाइपात पाणी खालीच. म्हणजे खरंच बुजवला. उगाच संशय घेतला बिचाऱ्यांवर.

१० ऑगस्ट
सासूबाईंना म्हटलं, तुम्ही तरी माझ्या बाजूने एक शब्द बोला! त्या तांदूळ निवडत राहिल्या. "मला त्यातलं काय कळतं?" असा राग आला! भांडी जरा जोरातच घासली.

१४ सप्टेंबर
काय फुटवे आलेत! एकेका रोपाचा झुबका मुठीत मावत नाही. सासरेबुवांचे खेकडे मात्र अजून रोजचेच. पहाटे फावडं, मग कोपऱ्यावरच्या दुकानात चहा.

२८ ऑक्टोबर
मळणी झाली. माझं वाकडं खाचर पहिलं आलं!! नवरा म्हणतो, "मी म्हणतच होतो." कधी? कुणाला?

३ नोव्हेंबर
सगळं पाण्यात. अक्षरशः.
सासरेबुवा जेवता जेवता मिशीत हसले. "पिकणारच ते. रोज पहाटे बांध फोडून माझ्या भरल्या खाचरातलं पाणी पाजलंय मी." खेकडे वगैरे काही नव्हतं! "मग अट काय झाली?" मी विचारलं. "तुझं कोरडं भात झालंच कुठे? पिकलं ते माझ्या पाण्यावर. जमीन वाट्यानेच जाणार." सासूबाई ताटात बघत जेवत राहिल्या. आणि परवा शेतकरी गटापुढे या खाचराची हकिकत मला सांगायची आहे. काय सांगू, कपाळ?

५ नोव्हेंबर
मी 'नमस्कार' म्हणेपर्यंत सासरेबुवांनी माइक घेतलासुद्धा. स्वतःचा पराक्रम असा रंगवला की लोक हसून बेजार. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.
तेवढ्यात बायकांतून सासूबाई उठल्या. जन्मात कधी चार माणसांत बोलल्या नाहीत त्या! "हे बांध फोडून चहाला वळले, की मी जाऊन बुजवत होते. रोजच्या रोज. यांचं ओंजळभर पाणी पोरीच्या भाताला लागू दिलं नाही."
सभा जी हसली! मी रडतही होते, हसतही होते. सासरेबुवांनी माइक माझ्या हातात दिला. म्हणाले, "मग पाचही खाचरं आता या दोघींची. मी पहाटे झोपणार."