विजयी उमेदवाराचा कोट

ताई,

डावी बाही उसवून झाली आहे, उजवीचे टाके अर्धे निघालेत, आणि कात्री तशीच कोटात ठेवून हे लिहायला बसलो आहे. तुला नमस्कार. दाजींचा गुडघा कसा आहे? जिना कमी करा म्हणावं. आमची सर्वांची तब्येत उत्तम आहे, माझी तर विशेष. कोणी काही वेगळं कळवलं असेल तर विश्वास ठेवू नकोस.

प्रांताच्या निवडणुकीचा निकाल तुला कळलाच असेल. सरकार पडलं. ते पडणार हे मी पहिल्यापासून सांगत होतो (कोणाला, ते आता आठवत नाही). माझा अंदाज फक्त आपल्या मतदारसंघापुरता चुकला, आणि तोही कापडाच्या दृष्टीने. आपल्या दुकानाची रीत तुला ठाऊक आहे. इथून जो निवडून येतो तो आपल्याकडचा कोट घालून शपथ घेतो. आजोबांपासून हे चालत आलं आहे. निकालानंतर माणूस हारांतून सापडत नाही, शपथ तोंडावर येते, म्हणून सभेत मागे उभं राहून नजरेनेच माप घ्यायचं आणि निकालाआधी कोट तयार ठेवायचा, हा वडिलांचा नियम. त्यांची नजर कधी चुकली नाही. माझीही चुकलेली नाही. पैलवानाच्या (म्हणजे यंदा उभा राहिलेला आपला तो बांधकाम ठेकेदार, कुस्ती त्याने आयुष्यात खेळलेली नाही) छातीचं माप मी व्यासपीठाच्या मागून घेतलं ते अचूक होतं. प्रचारात माणूस फुगतो, म्हणून शिवणीत जास्तीचं कापडही सोडलं. कोट असा झाला होता की हँगरलाच मंत्रिपद द्यावं.

मतमोजणीच्या दिवशी समोरच्या न्हाव्याने टीव्ही दारात आणून ठेवला. पहिल्या फेरीत पैलवान मागे. मी म्हटलं, ही नर्सबाईंच्या दवाखान्याची गल्ली, इथे असं होणारच. दुसऱ्या फेरीत आणखी मागे. मी म्हटलं, ही त्याच्या शेजारची गल्ली. पुढे मला गल्ल्या पुरेनात. त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या नर्सबाई कोण ते तुला सांगायला नको, आपल्या धाकटीलाही त्यांनीच या जगात आणलं. न्हावी वस्तरा पुसत म्हणाला, "मास्तर, त्या बाईंनी मतदारयादी स्वतःच्या हाताने तयार केलीय. तिथे तुमचा पैलवान काय करणार?" गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी हसलं. मी काजं करत राहिलो.

दुपारी पैलवानाच्या भावाचा निरोप आला, कोट राहू द्या, आम्ही जरा गावाला जातोय. आणि संध्याकाळी मिरवणूक आपल्या दुकानासमोर थांबली. नर्सबाई आत आल्या. हार काढून त्यांनी इस्त्रीच्या टेबलावर ठेवला (इस्त्री गरम होती, झेंडूचा वास अजून आहे), हँगरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कोट इथूनच जातो म्हणे. मग माझाही शिवा. जन्मभर पांढरं घातलं, आता रंगाचं काहीतरी द्या."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? दारात अख्खा गाव उभा होता. माझ्या आवाजात दम होता, असं न्हावीसुद्धा मान्य करतो. शपथ सोमवारी आहे. पैलवानाचाच कोट आत घ्यावा असं आधी वाटलं. पण त्यात नर्सबाई दोनदा मावतात, आणि तरी कोट जिथे हवा तिथे बसत नाही. वडिलांनी मला पुरुषाची पाठ शिकवली, ती सरळ असते. खडूने चार वेळा रेघ मारली, चार वेळा पुसली. ही म्हणते, चौकातल्या ब्लाउजवाल्याकडे द्या. म्हणजे तीन पिढ्यांचा मान चौकात द्या. एकूण परिस्थिती माझ्या ताब्यात आहे.

तुझा भाऊ

ता.क. मत मीही नर्सबाईंनाच दिलं. मत वेगळं, कापड वेगळं. हिला सांगू नकोस, तिला वाटतं तिने मला पटवलं.

ता.क. दुसरा. मागच्या खोलीत बसून, उरलेली कातरणं जोडून तू स्वतःसाठी एक कोट शिवला होतास. वडिलांनी चष्मा लावून त्यात खोट शोधली, मिळाली नाही, तेव्हा म्हणाले, बाहेर घालू नकोस. तसाच, फक्त बाहेर घालायचा, असा एक हवा आहे. फोन केला असता तर तू हसली असतीस, म्हणून पत्र. बसच्या ड्रायव्हरजवळ देतोय. तो दुपारी परत फिरतो, त्याच्याच गाडीने ये. दाजींचा गुडघा दोन दिवस स्वतःला सांभाळेल.

ता.क. सकाळी. बस सुटायची आहे, म्हणून एवढंच. नर्सबाई माप देऊन गेल्या. हिने टेप धरला, मी आकडे लिहिले, मागच्या पानावर आहेत. "कापणार कोण?" असं त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. समोरचं कापायचं टेबल रिकामं केलं आहे. ते तुला उंच पडेल, म्हणून वडील ज्या फळीवर उभे राहायचे ती धुऊन खाली ठेवली आहे.