केकवरची कण्हेर

तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार. (वाकून केला असं समजावं, दवाखान्यातून आल्यापासून वाकलं की गरगरतं.) तुमचा गुडघा कसा आहे? त्याच्यामुळे तुम्हाला धाकटीच्या लग्नाला येता आलं नाही याचं तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आता वाटतं, निदान तुमच्यासमोर तरी शोभा झाली नाही.

तिकडे उलटसुलट बातम्या पोचल्याच असतील, म्हणून खरं काय ते कळवते. आई गेल्यावर धाकटीला मी वाढवलं, तेव्हा लग्नाचा केक माझ्याच बेकरीतून जाणार हे मी ठरवूनच टाकलं होतं. तीन मजली केला. वर साखरेची गुलाबी फुलं. (ती वळताना मान मोडली, पण ते असो.) सभागृहात पोचेपर्यंत उकाड्याने फुलांचा पाक झाला. माझा धीर सुटला. मागच्या कुंपणाला गुलाबी फुलांनी लगडलेलं एक झाड होतं. ओंजळभर फुलं तोडली आणि केकवर खोचली. इतकी शोभून दिसली की मला स्वतःचाच हेवा वाटला.

केक कापायच्या आधी नवऱ्यामुलाची आत्या जवळ आली. तिचं औषधांचं दुकान आहे. चष्मा सारखा करून तिने शांतपणे सांगितलं की ही कण्हेर आहे, फूल, पान, देठ, चीक, सगळं विषारी, तेव्हा केकला कोणी हात लावू नये. आता तिथे मी गप्प बसावं की नाही? पण मला वाटलं, सासरच्यांनी पहिल्याच दिवशी नावं ठेवायला सुरुवात केली. असली फुलं आम्ही लहानपणापासून हुंगत आलोय, असं म्हणत मी सगळ्यांदेखत एक पाकळी तोंडात टाकली आणि चावून गिळली. (कडूजहर होती. चेहरा मात्र हसरा ठेवला.)

आत्याबाईंनी माझं मनगट धरलं ते गाडीत बसेपर्यंत सोडलं नाही. दवाखान्यात छातीला तारा लावल्या, कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजली. तिकडे केक कचऱ्यात गेला, पाहुणे पांगले, आणि नवरानवरी लग्नाच्या कपड्यांत माझ्या खाटेशेजारच्या बाकावर येऊन बसले. माझ्या नाडीला काही म्हणता काही झालं नाही. तसं मी ऐकवणारच होते, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "ताई, केक मी मागितलाच नव्हता गं. तू माझ्याजवळ बस, एवढंच म्हटलं होतं."

म्हटलं होतं, मामा. फोनवर, दोनदा. दोन्ही वेळा 'साखर करपतेय' म्हणून मी फोन ठेवला होता.

लग्नात आम्हा दोघींचा एकत्र असा एकच फोटो आहे, खाटेवरचा. धाकटी रडते आहे आणि माझे दात काळे आहेत.

तुमची,
खजील भाची

ता. क. सभागृहवाले ती कण्हेर तोडून जाळायला निघाले होते. तिचा धूरही विषारी असतो म्हणून आत्याबाईंनी अडवलं. एकाच समारंभात दोनदा वाचवलं त्यांनी. मी अजून धड आभारही मानलेले नाहीत.

ता. क. पुन्हा एकदा. रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलंय. आत्याबाई येते म्हणाल्या. जावईबापू 'बघू' म्हणाले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही. तेव्हा तुम्ही यायलाच हवं. पहिला घास सर्वांसमोर तुम्ही घ्या, आणि मग वाढायचंही तुम्हीच बघा. मला धाकटीशेजारी बसायचं आहे.