कापूस फिरवला का

माय, लिहिण्यात चुका व्हतील, माफ कर. सातवीतूनच शाळा सुटली माझी, अन् या कॉम्प्युटरवर एकेक अक्षर हुडकून दाबावं लागतं. भोकरदनला मामाचं टायपिंगचं दुकान हाय. मी केदारखेड्याहून रोज एसटीनं येते, झाडून काढते, फोन घेते. गिऱ्हाईक आलं की खाली बघते, अजून तशीच हाय मी. मामा जेवायला गेला म्हणून बसले. तुला जाऊन सहा वर्षं झाली.

काल लहान्यानं पावडरचा रिकामा डबा आणला. म्हणला, ताई, शाळेत पेनं ठेवायला कापून दे. कात्रीनं वरचा भाग कापला. कापल्यावर पत्र्याची कड कशी व्हती तुला माहीत हाय, दातं निघतात तिला. तुझी कानस काढून आतून घासली, बाहेरून घासली, पॉलिश पेपर मारला. मंग तू शिकवलं तसं, बोट न्हाई, कापसाचा बोळा फिरवला कडंवरून. जिथं तंतू अडकला तिथं परत कानस. अण्णा बाजंवर बसून बघून राह्यल्ते. म्हणले, "बास कर पोरी, पेनं ठेवायचेत त्यात, लेकरू न्हाई झोपवायचं." जरा वेळानं म्हणले, "हात मायचाच हाय तुझा." मला तिथं बसवंना. मी उठून चुलीकडं गेले.

तो तेलाचा मोठा डबा आठवतो का तुला. अंगणात तू त्याला आडवा ठेवून मधोमध कापून राह्यली, शेळीला दाणा ठेवायला. अण्णा दारातून म्हणतात, "लोहारीण झाली का काय?" तू म्हणती, "तुमचं महिनाभर करतो करतो चाललं, मंग झाले मी." एक अर्धुक तू घासलं, दुसरं माझ्याकडं सरकवलं. "कोपरे बराबर घास. मुकं जनावर हाय, जीभ कापली तर सांगंल कुणाला?" मी घासायला बसले अन् तेवढ्यात पोरी आल्या, लंगडी खेळायला चल म्हणल्या. मला कधी कुणी बोलवत नव्हतं, माय. मी बोलायचीच न्हाई तर कोण बोलवील. त्या दिवशी बोलवलं. तीन कोपरे घासले व्हते, चौथा तसाच सोडला. तू आतून विचारलं, "कापूस फिरवला का?" मी म्हणले, "फिरवला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातला कचरा काढायला तू हात घातला. तू ओरडली न्हाई. हळद दाबली, चिंधी बांधली. मंग कानस घेऊन तो कोपरा तूच घासला, कापूस फिरवला. मी दारात उभी. तू माझ्याकडं बघितलंच न्हाई. अण्णांनी विचारलं तर म्हणली, "विळा लागला." लगेच कापूस वेचायलाबी गेली. जखम सुकत आल्ती. आठ-दहा दिवसांनी तुला भाकर चावंना. गार वारं लागलं असंल म्हणली. जालन्याला नेलं तवर दातखिळी बसल्ती. डॉक्टर म्हणले, धनुर्वात. काय लागलं व्हतं? अण्णा म्हणले, विळा. तुला आयकू येत व्हतं, तोंड उघडत नव्हतं. तुझे डोळे माझ्यावर व्हते. सांग म्हणत व्हती का गप राह्य म्हणत व्हती, मला अजून कळत न्हाई. मी गप राह्यले. विळा काय अन् पत्रा काय, डॉक्टरला काही फरक पडला नसता, हे आता समजतं.

पण अण्णांना पडला. त्या विळ्याला, तुला लागलं त्याच्या आदल्या दिवशी, त्यांनीच धार लावून आणल्ती. सहा वर्षं झाली, त्यांनी त्याला हात लावला न्हाई, छपरात खोचून ठेवलाय. गवत कापायचं असलं की शेजारच्यांचा मागून आणतात. मावशी एकदा म्हणली, "तुमच्या घरचा काय झोपला व्हय?" अण्णा म्हणले, "त्याला मीच धार लावल्ती." मी तिथंच व्हते, पीठ मळत. तू माझ्यासाठी खोटं बोलली, अन् ते अण्णा उचलून राह्यलेत.

काल अण्णा हात मायचाच हाय म्हणले, तवा सांगायचं व्हतं. तोंडाशी आल्तं. पण मी चुलीकडं गेले अन् उगंच फुंकत बसले, जाळ लागलेला असताना. त्यांना सांगायच्या आधी तुला लिहून बघावं म्हणलं, शब्द तरी लागतील. लागले बी. पण खरं सांगू का, मला भ्या वाटतं त्यांची माया कमी होईल म्हणून, अन् त्यापायी मी त्यांना तसंच ठेवलंय. मामा यायच्या आत हे पुसून टाकते.

तुला सांगायचं राह्यलं, आपल्या गल्लीत नळ आला, परवा.