बॅटरीच्या रंध्यावरचा दोरा

५ ऑक्टोबर २०११, बुधवार. खंडेनवमी

सगळी हत्यारं पुसून मांडली. करवत, पटाशी, जुना लाकडी रंधा. मधोमध बॅटरीचा रंधा! आमच्यात मेंढरं राखली, लोकर कातरायची कातर पुजली. बापजाद्यांत कुणी लाकूड तासलं नाही. माय बाणूबाई बॅटरीच्या रंध्यापुढं बसून म्हणाली, "ह्याचं त्वांड कुणीकडं हाय रे?" लई हसलो. बायको मंगल तर पोट धरून हसली.

हैदराबाद सोडताना, मला सुतारकी शिकवलेल्या उस्तादनं दिलेली ही चीज. इथं कमलनगरात दिवसभर लाइट नसते, त्यामुळं सगळं पोट ह्याच्यावर. उस्तादचा एकच धडा — "पहले बॅटरी बाहर, बाद में हात!" तो मी शेडच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय. मंगलला तर रोज ऐकवतो. आणि स्वतः? पात्यात भुसा अडकला की सरळ बोट घालतो. ती ओरडते, "अवो, कामून बोटं घालायलाव? भिंतीवर काय लिवलंय?" मी म्हणतो, मला कळतंय गं, दहा वर्षं झाली.

पूजेसाठी बॅटरी काढून बाजूला ठेवली होती. माय चिडली. "अर्धं हत्यार पुजत न्हाईत. देवाला तुकडे दावतोस व्हय?" परत बसवली. मग मुठीला हळदीचा दोरा बांधला, पाच वेढे. गाठ नेमकी कुलपाच्या बटणावर आली. ते बटण दाबल्याशिवाय रंधा सुरू करायचा घोडा दबत नाही. गाठ चांगली घट्ट बसली म्हणून मी खूष! मायनं मूठभर भंडारा उधळला. पात्यातसुद्धा गेला. उद्या काढू. आज हत्याराला हात लावायचा नाही.

६ ऑक्टोबर. दसरा

मंगलचं बोट गेलं.

७ ऑक्टोबर. बीदर, दवाखाना

काल एका ओळीपुढं लिहवलं नाही. आज लिहितो.

मी बांधावर आपट्याची पानं तोडायला गेलो होतो. परत येताना शेडमधून रंध्याचा आवाज. वाटलं, कोण सुरू केलं? मग तिची किंकाळी. पानं तिथंच टाकून पळालो. मंगल भिंतीला टेकून बसलेली, डावा हात पदरात गुंडाळलेला. पदर लालभडक. रंधा आडवा पडलेला.

बघितलं आणि कळलं. दोऱ्यानं कुलपाचं बटण दाबूनच धरलं होतं. तिनं उजव्या हातानं मूठ धरली, डावा हात खालून लावला. घोड्याला बोट लागलं — संपलं. बॅटरी आत होती. मी बसवलेली. दोरा मी बांधलेला.

माय यायच्या आत पटाशीनं दोरा कापला आणि खिशात घातला. पहिलं हे केलं! तिचा हात धरायच्या आधी हे केलं. कामून केलं असं?

डॉक्टर म्हणाले, मधलं बोट काढावं लागलं. शेजारचं राहतंय का ते चार-आठ दिवसांनी सांगू.

९ ऑक्टोबर

माय दवाखान्यात सगळ्यांसमोर बोलली. "गड्याच्या आधी बाईनं हत्याराला हात लावला. ते बी दसऱ्याला! देव गप बसंल व्हय?" भेटायला आलेल्या बाया माना हलवायला लागल्या. मंगल छताकडं बघत पडलेली.

मी तोंड उघडलं. चहा आणतो म्हणालो.

१२ ऑक्टोबर

गुरुशांतप्पा आले. नौबादच्या त्यांच्या नव्या घराची दारं माझ्याकडं आहेत. दारांचं नावसुद्धा काढलं नाही. भला माणूस. तिच्या खाटेजवळ बसले आणि एकदम विचारलं, "भीमराज, बॅटरी आतच व्हती का रे?"

मी म्हणालो, "मी काढून ठेवलती. तिनंच बसवली असंल."

कसं निघालं तोंडातून! मंगलनं मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. रडली असती तर बरं झालं असतं. परत छताकडं बघायला लागली.

१४ ऑक्टोबर

घरी आणलं. आज मायनं भाकरी केली. थापायचा आवाज ऐकवेना. उठून गेलो.

१७ ऑक्टोबर

रंधा उघडला. आधी बॅटरी काढली — आता! काढून वेगळ्या डब्यात, डबा फळीवर. पान्यानं पाती सोडवली. भंडारा आणि रक्त, दोन्ही वाळून घट्ट बसलेलं. दाताच्या ब्रशनं खरवडलं, कोरड्या फडक्यानं पुसलं. बोट घातलं नाही. भुशाची वाट मोकळी केली. पात्यांना धार लावून परत कसली. बटण दाबून घोडा दाबला, दोन्ही सोडले, दहा वेळा. सगळं जिथल्या तिथं. यंत्रात काडीचा दोष नाही.

भिंतीवरचं उस्तादचं वाक्य पुसायला ओला बोळा घेतला. पुसवलं नाही. लाज वाटते त्या भिंतीकडं बघायची.

२१ ऑक्टोबर

दुसरं बोट राहिलं. पण वाकणार नाही म्हणाले.

माय म्हणाली, "धाड तिला माहेराला, करजगीला. दिवाळीचं निमित्त हाय. मग बघू." मग बघू म्हणजे परत आणायचं नाही, ते मला कळतं. मंगललाही कळलं. तिचा भाऊ मायाप्पा रविवारी न्यायला येणार.

तिनं मला एवढंच विचारलं, "तुम्हाला काय वाटायलंय?"

मी म्हणालो, "आराम व्हईल तुला."

थू माझ्या जिंदगानीवर! खिशात दोरा आहे. रोज चाचपून बघतो. आज सांगू, उद्या सांगू. सांगितलं तर माय काय म्हणंल, गुरुशांतप्पा काय म्हणतील, उद्या दार करायला कोण देईल — असलंच सगळं मनात येतं. आणि तिचा हात?

२३ ऑक्टोबर, रविवार

जीप दारात आली. मायाप्पा पुढं बसला, मंगल मागं. मी पिशवी धरून उभा. तेव्हा कुठं विचारलं, "तू रंध्याला हात कामून लावलीस?"

"बॅटरी काढायला गेलते. तुम्ही आलाव की आधी पात्यातला भंडारा बोटानं काढणार. मला ठाव न्हाई व्हय?"

"मग सांगितली कामून न्हाईस?"

"तुम्ही सांगताव का, बघत व्हते."

मी दोरा काढला. मायच्या हातावर ठेवला, मायाप्पासमोर सगळं सांगितलं. माय उंबऱ्यावरच बसली. मी मंगलला म्हणालो, उतर खाली, जाऊ नको.

तिनं उजव्या हातानं पिशवी माझ्याकडून घेतली. "आतापर्यंत तुम्ही धाडायलताव म्हणून जायलते. आता माझी मी जायलेय."

जीप गेली.