गाळपेरावरचे तंबू

बाबा, मागच्या शनिवारी मी आपल्या गावावरून होडीनं गेलो. गावात नाही, गावावरून. धरणाचं पाणी आलं तेव्हा तुम्ही ओसरीची लाकडं बैलगाडीत भरून निघालात, ते गाव आता सहलीचं ठिकाण झालं आहे. जवाहरनगरच्या फॅक्टरीतले आम्ही सहा जण पवनीच्या पुढे पाण्याशी उतरलो. अंगावर नारिंगी जाकिटं, हातात प्लास्टिकची वल्ही, आणि पुढच्या होडीत नागपूरहून आलेला गाईड. होडीला तो कॅनो म्हणत होता. आपल्या डोंग्याचंच रूप, फक्त लाकडाचं नाही, आणि बूट घालून बसायचं. तुम्ही डोंग्यात पाय ठेवण्याआधी वहाणा हातात घ्यायचात, मलाही घ्यायला लावायचात. मी बूट घालूनच बसलो. पाण्यात वाळलेली झाडं उभी आहेत, त्यांच्याकडे वल्हं रोखून गाईड म्हणाला, "सर, हे आपलं भुतांचं जंगल. इथे सगळे फोटो काढतात." कसलं भुतांचं जंगल! ते आपले आंबे होते. तिसऱ्या झाडाच्या कैऱ्या मायला लोणच्यासाठी लागायच्या. माझं डोकं असं भडकलं की वल्हं उलटं पडलं आणि शेजारच्याच्या तोंडावर पाणी उडालं. सगळे हसले. त्यांना वाटलं, मला वल्हवता येत नाही.

पण खरा राग त्याचा नाही. ऊन कलल्यावर गाईडनं होड्या काठाला लावल्या. पाणी नुकतंच मागे सरलेलं, काळा मऊ गाळ, सपाट. "मस्त प्लेन जागा आहे," म्हणत त्यानं तंबू काढले. मी पाहतो तर चारही कोपऱ्यांना पळसाच्या फांद्या रोवलेल्या. गाळपेर! पाणी उतरेल तसं लोक मागोमाग ओल्या गाळात लाखोरीच्या डाळीचं बी फेकत जातात आणि फांद्या रोवून सांगतात की इथे बी पडलं आहे, पाय देऊ नका. नांगर नाही, सरी नाही, त्यामुळे नवख्याला ती मोकळीच जागा दिसते. मी सात-आठ वर्षांचा असताना तलावाच्या काठी अशाच दुसऱ्याच्या पेऱ्यात पतंगामागे धावलो होतो. तुम्ही बांधावरून ओरडलात, "कोनाच्या पोटावर पाय देऊन रायला रे?" मग मला त्या माणसाच्या घरी नेऊन त्याच्या पाया पडायला लावलंत.

गाईडला मी म्हटलं, "इथे पेरलंय बहुतेक." बहुतेक! चांगलं ठाऊक असताना बहुतेक म्हणालो. तो म्हणाला, "कुठाय सर शेती? नुसता चिखल आहे." आणि त्यानं एक फांदी उपटून तिच्यावर आमची ओली जाकिटं वाळत घातली. अडाणी कुठला! पाण्याची खोली सांगतो, पक्ष्यांची इंग्रजी नावं सांगतो, आणि पायाखाली काय आहे हे त्याला कोणी शिकवलं नाही. आमचे साहेब लोकही तसेच, चहा मागत फिरत होते. मी पुन्हा तोंड उघडलं नाही. माझ्या तंबूच्या खुंट्या मीच ठोकल्या. झोपही लागली, हे त्याहून वाईट.

सकाळी एक म्हातारी बाई टोपलं घेऊन आली. आधी उपटलेली फांदी पाहिली, मग तंबू पाहिले. "काहून रे, डोरे फुटले का तुमचे? परवा लाखोरी फेकली मी. फांद्या दिसून नाही रायल्या का?" गाईड हसत म्हणाला, "आजी, बोर्ड लावायचा ना." मला त्याची मान धरावीशी वाटली. ती खाली बसून आमच्या बुटांनी दाबलेले दाणे बोटांनी वर काढू लागली. मीही शेजारी बसलो, चार दाणे काढले. तिनं माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "तू कोनाचा रे? आमच्या बुडालेल्या गावात एक मानूस होता, त्याच्यासारखाच दिसून रायला. लई कडक मानूस. दुसऱ्याच्या पेऱ्यात कधी पाय नाही टाकला त्यानं."

बाबा, ती तुमच्याबद्दलच बोलत होती. "हो, मी त्याचाच मुलगा," एवढंच म्हणायचं होतं, आणि तिच्या पाया पडायचं होतं. वाट तुम्हीच घालून दिली होती. पण पाठीमागे तिच्या पेऱ्यात माझा तंबू उभा होता.

"नाही हो," मी म्हटलं, "मी नागपूरचा."

तुम्ही गेलात, हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. टाकता आलं असतं, तर गाईडला दिलेल्या सगळ्या शिव्या ठेवल्या असत्या आणि ही शेवटची गोष्ट गाळली असती.