अक्काचा मिटलेला डोळा

प्रिय अक्का,

उद्या सकाळी वहिनी तुझं चित्र न्यायला येणार आहेत, आणि तुझ्या डोळ्यांचं काय करायचं ते माझं अजून ठरलेलं नाही. लोकांच्या आज्या-पणज्यांची तैलचित्रं दुरुस्त करून माझं कुवेंपुनगरातलं दुकान उभं राहिलं. तिथं चित्रातल्या माणसाला काही विचारावं लागत नाही. तुझ्या बाबतीत मात्र विचारल्याशिवाय हात उचलत नाही, म्हणून हे पत्र.

अण्णाच्या धाकटीचं लग्न ठरलंय. वहिनींनी येलवालचं आपलं जुनं घर धुऊन काढलं. आपण रंगारी माणसं. रेशीम असो, दागिना असो, रिठ्याच्या पाण्याचा हात फिरल्याशिवाय ते स्वच्छ झालं असं आपल्याला वाटतच नाही. वहिनींनी रिठ्यानं तुलाही पुसलं! कपाळावरचा कुंकवाचा थर गेला, उदबत्तीची काजळी गेली, मग हात आणखी जोरात चालला. आणि मला फोन.

"भाऊजी, अक्कांनी डोळा मिटला!"

"वहिनी, सकाळी सकाळी थट्टा?"

"अय्यो, देवाशपथ! डावा मिटलाय. उजव्यानं बघतायत माझ्याकडं."

रिक्षातून तुला घेऊन आल्या तेव्हा चित्र मांडीवर धरायची त्यांची छाती नव्हती. शेजारी टेकवलं होतं, तोंड रस्त्याकडं.

आधी मी हसलो. रंगाचा पापुद्रा उडाला असेल, खालचा कॅनव्हास दिसत असेल, आणखी काय? मग भिंग लावलं आणि हसू गेलं. अक्का, खाली कॅनव्हास नव्हता. खाली मिटलेली पापणी होती. नीट, सावकाश काढलेली, एकेक केस दाखवलेली. चित्रकारानं आधी तुझे डोळे मिटलेले काढले होते. वर वार्निश दिलं, आणि त्या गुळगुळीत वार्निशवर उघडे डोळे नंतर बसवले. ते कधी घट्ट धरलेच नव्हते.

माझे कान तिखट, ते तुला ठाऊक आहे. स्वयंपाकघरातली कुजबुज तुला मीच पोचवायचो ना? धंद्यातही तेच कामाला आलं. कॅनव्हासला मागून नखानं टिचकी मारायची. रंग सुटला असेल तिथं आवाज पोकळ येतो. तुझं कपाळ ठीक, गाल ठीक. उजव्या डोळ्यामागं पोकळ.

दुपारी ऊन चढलं की कॅनव्हास ताणला जातो आणि बारीक टक् टक् करतो. का करतो ते मी गिऱ्हाइकांना हसत समजावतो. पण त्या दुपारी आवाज फक्त उजव्या डोळ्याकडून येत होता, पापणी लवावी तसा. मी चित्र भिंतीकडं फिरवलं. आवाज थांबला. ते जास्त वाईट होतं.

तेवढ्यात माडीवरून आई उतरली. कठड्याला धरून खाली आली आणि तुझं चित्र आपल्याकडं फिरवून घेतलं.

"निघालंच का शेवटी," म्हणाली.

"काय निघालं, आई?"

"तिचं झोपलेलं तोंड."

मला घरच्या सगळ्यांनी काय सांगितलं होतं? हे अक्काच्या तापाआधीचं चित्र आहे म्हणून! आई म्हणाली, "ती गेली त्याच सकाळचं आहे. फोटो एकसुद्धा नव्हता. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या माणसाला तुझ्या आप्पांनी बोलावलं. तिला खुर्चीत बसवलं, पदराखालून लुगड्यानं बांधलं. त्यानं जसं दिसलं तसं काढलं. पुढच्या महिन्यात आप्पा त्याच्यामागं लागले, डोळे उघडून दे. तो म्हणाला, डोळे कुठून आणू? तर आप्पांनी तुला पुढं बसवलं, गुंड्या. तुझे नि तिचे डोळे सारखेच. तू नुसता रडत होतास. तो आपला म्हणत होता, अळबेड मरी, रडू नको रे बाळा."

अक्का, हे तू मला सांगायला नको होतंस का?

येणारा-जाणारा म्हणायचा, काय जिवंत डोळे! कसे भरून आलेत! मी दुकान काढलं त्या दिवशी तुझ्यापुढं उभा राहिलो, तेव्हाही ते भरलेले होते. वाटलं, अक्काला कौतुक वाटतंय. आणि तू माझंच रडू मला दाखवत होतीस?

वहिनींना दोन्ही डोळे उघडे हवेत. "मिटल्या डोळ्यांची बाई लग्नघरात? नको हो, भाऊजी." त्यांच्यासाठी मी आरसा समोर ठेवून माझा डावा डोळा कागदावर उतरवून पाहिला. तुझ्या अठरा वर्षांच्या चेहऱ्याशेजारी तो धरला आणि लगेच फाडला. कुणी म्हातारा तुझ्या आत शिरून बसला होता.

आई म्हणते, "दुसराही मीट रे. किती बघायला लावायचं तिला?" पण पहिल्या चित्रकारानं ठेवलेला रंग खरवडायचा नाही, हा आमच्या धंद्यातला धर्म. आणि खरवडून फेकायचा तो कोण? सहा वर्षांचा मी. इतकी वर्षं तुझ्या तोंडातून बाहेर बघत बसलेला.

लिहिता लिहिता ठरलं बघ. सुटलेला रंग आधी चिकटवीन, वर वार्निश देईन, आणि त्या वार्निशवर उजवी पापणी रंगवीन. कुणी कधी पुसली तर खालचा डोळा जसाच्या तसा सापडेल, असल्या रंगानं. वहिनी रागावतील, रागावू देत. त्यांना सांगीन, आशीर्वाद झोपेतही देता येतो.

तुला वचन देतो, अक्का, यापुढं तुला कुणी बघत बसायला लावणार नाही. पापणीखाली मात्र तो पोरगा राहील. त्याला अंधाराची भीती वाटते. तू कुशीत घेऊन झोपायचीस, तसंच घे. आणि रडला तरी उठू नकोस.

तुझा,
गुंडू